उबळ कसली?

"मला उबळ येते," असं शिंपीणबाईने एकदा डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुढचं ऐकून न घेता खोकल्याचं औषध लिहून दिलं. तिने इमानदारीत अख्खी बाटली संपवली. हसणं काही थांबलं नाही, घसा तेवढा साफ झाला.

उबळ खोकल्याची असते, रागाची असते, रडण्याचीही असते. हिच्या वाट्याला हसण्याची आली, आणि तीही नको तिथे. म्हणून गिऱ्हाईक समोर असलं की ती ओठांत टाचण्या धरायची. टाचण्या तोंडात असताना हसायची कोणाची बिशाद आहे?

एकदाच टाचण्या नव्हत्या, वडील गेले त्या दिवशी. तेही शिंपीच. वर-खाली बटणं लावलेला माणूस रस्त्यात दिसला तर त्याला थांबवून नीट लावायला लावायचे. आणि त्यांनाच निजवलं होतं सदऱ्याचं बटण भलत्याच काजात अडकवून. हिला खुदकन हसू आलं आणि मग आवरेचना. थोरल्या बहिणीने ते पाहिलं आणि बोलणं टाकलं ते टाकलंच. ताईवाचून हिचा जीव तुटायचा. पण सांगणार काय? बटणावरून हसले म्हणून?

आज ताई आली ती लेकीच्या हट्टापायी. भाचीला मावशीच्याच हातचा झगा हवा होता. भाची स्टुलावर उभी, ताई दाराशी गप्प. मावशीने दोन-चार टाचण्या जास्तच धरल्या. आज हसलं तर ताई कायमची गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मान वर केली, तर ताईच्या स्वेटरचं बटण एक काज चुकलेलं.

पोटातून उबळ उठली. खांदे हलायला लागले, डोळे वाहायला लागले.

"परत हसतेस?" ताई म्हणाली.

तोंड उघडायची सोय नव्हती. ती नुसती पुढे झाली, ताईची बटणं सोडली आणि पहिल्यापासून नीट लावली.  मग ताईने आपला तळवा बहिणीच्या हनुवटीखाली धरला. "थुंक आधी त्या टाचण्या. गिळशील एखादी."

टाचण्या तळव्यावर पडल्या. "त्या दिवशी बाबांचीपण अशीच चुकली होती गं," धाकटी कशीबशी बोलली.

ताईने टाचण्या मशीनवर ठेवल्या. "मीच लावली होती. हात थरथरत होते माझे."

एवढं बोलली आणि तिलाच उबळ आली. भाची घाबरून स्टुलावरून उतरली. "आई, हसतेस का रडतेस?"

दोघींपैकी एकीलाही सांगता येईना.