भामाबाईचा झोपलेला घरजावई

चैत्र लागला की गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत गच्च्यांवर भामाबाईचा हुकूम चालतो. चीक कुणी शिजवायचा, साड्या कुठं अंथरायच्या, सगळं तीच ठरवते. कुरडया घालायचा सोऱ्या तर दुसऱ्या कुणाच्या हाती देतच नाही. तिचा नवरा पुंजाराम माझा जुना दोस्त. मी त्याला विचारतो, "तुझ्या हाती तरी काही देते का रे?" तो नुसता हसतो. म्हणजे नाही.

अशा बाईच्या बोटांना आमवातानं धरलं. सकाळी मूठच वळेना. पुंजारामला चहा करता येतो हे गल्लीला तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधांत एक बारीक पांढरी गोळी होती. "भाकरी खाऊनच घ्या, उपाशीपोटी नको," असं त्यांनी बजावलं होतं. गोळीनं बोटं सुटली आणि बाई काही वर्षं तिच्याच जोरावर सोऱ्या दाबत राहिली.

मग आलं नवरात्र. भामाबाईचा उपास कडक. भगर चालते, भाकरी नाही. आणि भाकरी नाही म्हणून गोळीही नाही! विचारलं कुणालाच नाही. सहाव्या माळेला घटापुढं वाकली ती तिथंच बसली. ओकाऱ्या, हातपाय गार, डोळे फिरलेले. बायका म्हणाल्या, अंगात आलं. एकीनं तर नारळ पुढं ठेवून पोराच्या लग्नाचं विचारून घेतलं. सून अपेक्षा तेवढी शहाणी, तिनं रिक्षा बोलावली.

दवाखान्यात सलाईन लागलं, बाई शुद्धीवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आजारपणात अंगाला सावरायला कॉर्टिसॉल लागतं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ते रोज पहाटे तयार करतात. तुम्हाला ते काम गोळी करून देत होती, म्हणून त्या झोपल्या. आता गोळी एकदम थांबली, तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही."

"म्हंजी घरजावयासारखं झालं," भामाबाई म्हणाली. "आयतं मिळालं, लोळत पडला. उठवा की मेल्याला!"

"हळूहळू उठवायचा. गोळी थोडी थोडी कमी करू. मनानं सोडायची नाही, ताप आला तर लगेच यायचं. सांध्यांचं दुसरं औषध चालू राहील. पण उठेलच, असं वचन देत नाही."

हे शेवटचं वाक्य बाईला लागलं. सोऱ्या दाबीन तर आपल्या अंगच्या जोरावर, असं तिनं घेतलं मनावर.

त्यानंतरच्या चैत्रात ती खुर्चीत बसून नुसती ओरडली. सोऱ्या अपेक्षानं दाबला. मला राहवलं नाही. "वहिनी, घ्या एक गोळी जास्त. कोण बघतंय?"

"भाऊजी, तुमच्या जिभंसाठी हाय का एखादी गोळी?"

पावसाळ्यात ताप आला, गोळी पुन्हा वाढवावी लागली. बाई त्या दिवशी रडली. तिनं कुणाला सांगितलं नाही. पुंजारामनं मला सांगितलं, म्हणजे गल्लीलाच सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून कमी करत आणली. यंदा फाल्गुनात सकाळचं रक्त तपासायला दिलं, आणि डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "मावशी, उठला बरं तुमचा जावई! गोळी बंद."

चैत्रात बाई गच्चीवर आली. बोटं थोडी वाकडीच आहेत, ती तशीच राहायची. अपेक्षानं सोऱ्या पुढं केला. पहिली कुरडई मोडली. एरवी कावळ्यांना हरवणाऱ्या आमच्या बायका साडीच्या सुरकुत्या काढायला लागल्या. दुसरी मात्र उतरली गोल, अख्खी, चंद्रासारखी. मग तिसरी, चौथी.

"बघता काय भाऊजी? धरा ते टोक, साडी उडतीया!"

धरलं बुवा.

ती मोडकी कुरडई पुंजारामनं वाळवून डब्यात ठेवलीय. कुणाला तळू देत नाही. आल्यागेल्याला झाकण उघडून दाखवतो, "आमच्या हिनं केलीय. बिनगोळीची."