धुळ्याचे डॉल्फिन

आमच्या प्राणिशास्त्र विभागात मेलेले नमुने फॉर्मॅलिनच्या बरणीत राहतात आणि किस्से तसेच उघड्यावर. दोन्ही टाकायला वरिष्ठांची परवानगी लागते, म्हणून साठत जातात.

यातले बरेचसे किस्से वैशालीमुळे झाले. शिंदखेड्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी, माझी पीएचडीची विद्यार्थिनी. विषय : एकाच समुद्रात राहणाऱ्या डॉल्फिनच्या तीन जाती जागा आणि खाणं कसं वाटून घेतात. धुळ्यात याहून जवळचा विषय तिला मिळाला असता, पण तिला हाच हवा होता.

संशोधन समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "कोकण लांब पडेल. तापीत करा."

"तापीत डॉल्फिन नाहीत, सर."

"आधी शोधून तर बघा."

बैठकीच्या मिनिटबुकात तसं लिहिलं गेलं. तापीत डॉल्फिन नसल्याचा रिपोर्ट वैशालीने माझ्या सहीनिशी दिला, तेव्हा कुठे कोकण मंजूर झालं.

---

डॉल्फिन काय खातात हे तपासायला तिने तिकडचे मासे आणले आणि विभागाच्या एकुलत्या एका फ्रीजमध्ये ठेवले. आमचे हेड माळकरी. त्यांचा भरिताचा डबा त्याच फ्रीजमध्ये. ते रागावले नाहीत. त्यांनी माप घेऊन पुठ्ठा आडवा बसवला आणि नोटीस लावली : 'वर शाकाहार. खाली समुद्र.'

शिपायाच्या डब्यात त्या दिवशी उकडलेली अंडी होती. फ्रीजचं दार उघडून तो बिचारा बराच वेळ उभा होता. शेवटी डबा त्याने खिडकीत ठेवला.

---

काठाजवळच्या दोन जातींचं काम झालं. आता खोल पाण्यातली जात राहिली होती, आणि तेवढ्यात तिच्या वडिलांचा, नानांचा फोन आला. "सर, आता पुरे. पोरीचं लग्न करायचंय. आणि त्या बोटीचा भरवसा काय?"

तिसरी जात राहिली म्हणजे आधीची दोन वर्षं पाण्यात. वैशाली लॅबमध्ये बसून रडली. मला फार वाईट वाटलं. मी चहा मागवला. मग नानांना फोन करून म्हटलं, "नाना, एकदा बोट बघून तर घ्या."

नाना आमच्याबरोबर कोकणात आले. सोबत भाकरी, ठेचा आणि बैलाचा दोर.

"दोर कशाला?" मी विचारलं.

"पोरीला बांधायला. पडली बिडली तर?"

बोट सुटल्यावर पाच मिनिटांत त्या दोराने नानांनी स्वतःलाच बांधून घेतलं.

---

खाडीच्या तोंडाशी कुबडवाले डॉल्फिन दिसले. वैशाली सांगू लागली, "नाना, हे काठ सोडत नाहीत. बोय मासे खातात. बाटलीसारख्या तोंडाचे जरा पुढे, खडकाकडे. आणि तिसरे पार खोलात. अंधार पडला की खालून बारके मासे, मऊ अंगाचे माकूल वर येतात, ते त्यांचं जेवण."

"एकच पानीमा तीन जात," नाना म्हणाले, "मंग भांडतस नही का?"

"जागा वेगळी, जेवण वेगळं. सहसा गरजच पडत नाही."

परतताना नाना दोर धरून पाण्याकडेच बघत बसले. मला वाटलं, बोट लागली.

---

पुढच्याच रविवारी वैशालीला बघायला धरणगावची मंडळी आली. नानांनी मलाही बोलावलं होतं. बोटीचं काय ठरलं, हे मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

पोहे झाले. मुलगा इंजिनियर, बोलायला बरा. त्याचे वडील म्हणाले, "मुलगी पसंत आहे. फक्त ते समुद्राचं आता बंद. पुढच्या महिन्यात उरकून टाकू."

वैशाली खाली बघत होती. सगळे नानांकडे बघू लागले.

नानांनी प्लेट खाली ठेवली, टोपी नीट केली.

"मंग थांबनं पडी, भाऊ. तिना आजून काठवरलाच डॉल्फिन व्हयनात. खोल पानीना बाकी शेतस."