घड्याळवाल्या ताईच्या दारातलं वळण

ट्रामच्या कामावर त्यांना सगळे सूतभर मुकादम म्हणायचे. रूळ बसवताना ते गुडघे टेकायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "सूतभर अलीकडे घ्या." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम तीन मिलिमीटर. एवढ्याशा अंतरासाठी हा माणूस आठ गडी घामाघूम करायचा. नवीन आलेले त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. वर्षभर त्यांच्या हाताखाली काढलं की तेच गडी घरात कपाट सरकवतानाही "सूतभर" म्हणू लागायचे आणि बायकोच्या शिव्या खायचे.

शहर इतकं फुगलं होतं की मधल्या बाजारात मोटारीपेक्षा पायी चालणारा आधी पोचायचा. म्हणून स्टेशनापासून इस्पितळापर्यंत, भर बाजारातून ट्राम न्यायचं ठरलं. ठरवणाऱ्यांचं काय जातं? रस्ता खणला गेला तो दुकानदारांच्या दारासमोरचा. नऊ महिने लोक फळ्यांवरून तोल सांभाळत दुकानात शिरत होते, आणि बरेचसे शिरतच नव्हते.

त्या रस्त्यावर जिथे ट्राम काटकोनात वळणार होती, त्या कोपऱ्यावर मुकादमांच्या थोरल्या बहिणीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर ताईनं ते एकटीनं चालवलं होतं. डोळ्याला भिंग लावलेलं, कान मात्र मोकळे. भिंतीवर बारा घड्याळं टांगलेली असायची, आणि त्यातलं कुठलं मागे पडतंय ते ती न बघता सांगायची. पण आता गिऱ्हाईक फिरकेना आणि फळ्यांवरून चढउतार करून गुडघे बोलायला लागले. तिनं भावाला स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाअखेर रस्ता मोकळा झाला तर ठीक. नाहीतर मी दुकान बंद करून लेकाकडे जाते. आता माझ्यात दम नाही."

लेक तीन तासांवरच्या गावात होता. मुकादमांना त्या दुकानाशिवाय ताई डोळ्यासमोर आणताच येईना. ते रोज दुपारचा डबा तिथेच खायचे आणि रोज सांगायचे, "होतंय, ताई. महिनाअखेर नक्की."

मुकादमांचा आणखी एक हट्ट होता, त्यांचं गेज. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर मोजायची लोखंडी दांडी. त्यांच्या वस्तादानं ती निवृत्त होताना त्यांच्या हातात दिली होती, त्याला सव्वीस वर्षं झाली. कंपनीनं आकडे दाखवणारी नवी गेजं दिली, मुकादमांनी ती सरळ रस्त्याला वापरली. वळण आलं की मात्र वस्तादाची दांडी बाहेर यायची. दरवर्षी सगळी गेजं तपासायला जायची, ही कधी गेली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "स्वतःच्या आईला कोणी वयाचा दाखला मागतं का?" पुढे कोण बोलणार? तपासनीससुद्धा वळणापाशी येऊन म्हणाले, "मुकादमांनी मोजलंय ना? मग झालं," आणि सही करून गेले.

वळणावर काँक्रीट पडलं. आठ दिवसांनी मुकादम डबा खायला आले, दांडी काउंटरवर आडवी ठेवली आणि हात धुवायला मागे गेले. परत आले तर ताई भिंग लावून दांडीच्या टोकावर नख फिरवत होती.

"अरे, हे झिजलंय."

"काय झिजलंय?"

"टोक. बघ, एका बाजूला कड गोल झाली आहे. सारखं घासून होतं असं. घड्याळातली चाकं अशीच जातात."

"तू तुझी घड्याळं बघ," मुकादम खेकसले. भाकरीचा घास तोंडातच फिरत राहिला. डबा तसाच झाकून ते उठले, नवं गेज घेतलं आणि वळणावर जाऊन गुडघे टेकले. एका ठिकाणी मोजलं, पाच पावलं पुढे मोजलं, पुन्हा मागे येऊन मोजलं. दांडी आखूड झाली होती, त्यामुळे रूळ तेवढेच जवळ बसले होते. बरोबर एक सूत.

एक सूत म्हणजे गाडी काही रुळावरून उतरत नाही. पण वळणावर रूळ जवळ आले की चाक घासतं आणि किंचाळतं. दर दहा मिनिटांनी एक ट्राम, सकाळपासून रात्रीपर्यंत, ताईच्या दारात. काँक्रीट फोडायचं तर पाच आठवडे. गप्प बसायचं तर महिनाअखेर रस्ता मोकळा, ताई खूश, मुकादमांचं नाव शाबूत. कोणाच्याही लक्षात आलं नसतं. ते तिथेच, तापलेल्या रुळावर, दहा मिनिटं बसून राहिले. आपण तिथे असतो तर काय केलं असतं, हे आपण आपलं न विचारलेलंच बरं.

मग ते उठून इंजिनिअर बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि दांडी टेबलावर ठेवली.

बाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मुकादम, एवढा फरक चाचणीत पास होईल हो."

"पास होईल, बाई. पण ओरडेल."

"फोडायचं म्हटलं तर मला कारण लिहावं लागेल. तुमचं नाव येईल त्यात."

"लिहा. चूक माझी, तर नाव काय तुमचं घालणार? आणि हेही लिहा की गेज तपासायला दिलं नव्हतं. मी दिलं नव्हतं."

बाईंनी पेन उचललं, पण लगेच लिहिलं नाही. आधी उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

ताईला सांगणं याहून जड होतं. मुकादम दुकानाच्या उंबऱ्यातच उभे राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. "पाच आठवडे, ताई. मी तुला शब्द दिला होता. तू लेकाकडे गेलीस तरी मी काही म्हणणार नाही."

ताईनं भिंग काढलं. "मी दाखवलं नसतं तर?"

"तर कळलंच नसतं."

"म्हणजे हे दुखणं मीच ओढवून घेतलं. झिजलेलं चाक आत ठेवून मी आजवर कोणाचं घड्याळ परत दिलं नाही. आणि तू तसा रस्ता दिला असतास, तर मी तुला डबा खायला आत घेतलं नसतं. जा, फोड तुझं काँक्रीट. पाच आठवडे काढते मी. गुडघ्यांना सांगते."

दुसऱ्या दिवशी काँक्रीट फोडणारे ब्रेकर सुरू झाले. बाजार मुकादमांच्या नावानं शंख करत होता. कालपर्यंत त्यांना डोक्यावर घेणारा शेजारचा चपलावालाही मोठ्यानं म्हणाला, "नाव मोठं, लक्षण खोटं." मुकादमांनी ऐकून घेतलं. ते रोज सगळ्यांच्या आधी यायचे, आणि ताई यायच्या वेळी फळ्यांपाशी उभं राहून तिला हात द्यायचे. वस्तादाची दांडी त्यांनी तपासणीला पाठवली. ती बाद होऊन परत आली तेव्हा ताईनं ती घड्याळांखाली दोन खिळ्यांवर टांगली.

पाच आठवड्यांचे साडेपाच झाले. रस्ता मोकळा झाला आणि पहिली गाडी निघाली. गाडीत बसायचं आमंत्रण मुकादमांना होतं, पण पहिल्या गाडीत ते कधीच बसायचे नाहीत. त्यांची जागा वळणावर. ताई आतून म्हणाली, "एक घड्याळ उघडून बसलेय. गाडी आली की हाक मार रे."

गाडी आली, गच्च भरलेली. मुकादमांनी डोळे मिटून घेतले. चाकं वळणाला लागली, एक हलकी सरसर झाली, आणि गाडी इस्पितळाच्या दिशेनं निघून गेली. हाक मारायचं मुकादमांच्या ध्यानातच राहिलं नाही. ते ताईच्या पायरीवर मटकन बसले. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांना सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आतून ताईचा वैतागलेला आवाज आला, "अरे, वेळ होऊन गेली की! अजून आली नाही का तुझी गाडी?"