डॉक्टर अर्धी म्हणाले होते

माझे कान चांगले आहेत, हे आधीच सांगून ठेवते. गुडघे गेले, दात तर कधीच गेले, पण मागच्या दारी मांजराने भांड्याला तोंड लावलं तर मला पुढच्या पडवीत कळतं. हे सांगायचं कारण, त्या दिवशी रत्नागिरीत तिघांनी मिळून मला बहिरी ठरवलं आणि त्यातला एक माझा नवरा. तो राग अजून गेलेला नाही. जावा म्हणून लिहीतही नाही.

यांच्या हृदयाची झडप बदलली तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची एक गोळी असते. मोठी नाठाळ गोळी. कमी पडली तर रक्ताची गुठळी होते, जास्त झाली तर कुठूनही रक्त यायला लागतं. म्हणून दर महिन्याला मालगुंडहून एसटीने यायचं, रक्त द्यायचं, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांपुढे बसायचं. त्या महिन्यात दात घासताना यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. दंडावर काळानिळा डाग उठला होता, कुठे आपटले नसताना. रिपोर्टाच्या आधीच मला काय ते कळलं होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला नि म्हणाले, "रक्त फारच पातळ झालंय. आजपासून आठवडाभर अर्धी गोळी, मग परत तपासू. आजी, अर्धी नीट करता येईल ना? चुरा होता कामा नये."

"अडकित्त्याने करते," मी म्हटलं. "सुपारी कातरून हात बसलेला आहे, गोळीचं काय एवढं."

डॉक्टर हसले. संगणकावर बसलेली मुलगीही हसली. तिथली पद्धत अशी, की डॉक्टर बोलतात आणि ती टाइप करते. पूर्वी डॉक्टर चिठ्ठी लिहायचे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण ती आपल्या हातात असायची. आता कागद मिळत नाही. बटण दाबलं की आपण जिना उतरायच्या आत चिठ्ठी खालच्या औषधाच्या दुकानात पोचलेली असते. सगळे कौतुक करतात. मीही करत होते, त्या दिवसापर्यंत.

खाली दुकानदाराने पिशवी पुढे केली. गोळ्यांच्या पाकिटावर छापील कागद चिकटवलेला होता. मी शाळेत फार गेले नाही, पण यांच्या ऑपरेशननंतर औषधांवरची इंग्रजी अक्षरं माझी मी शिकले, कारण दुसरं कोण बघणार होतं. कागदावर होतं शून्य, शून्य, एक. म्हणजे सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी एक. पुढे तीस दिवस.

"भाऊ, ही अर्धी आहे."

"मावशी, सिस्टीमला एक आलीय."

"डॉक्टर अर्धी म्हणाले."

"ऐकण्यात चुकलं असेल तुमच्या. हे डॉक्टरांकडूनच येतं, मी थोडंच लिहितो?" आणि तो माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागला.

मी यांच्याकडे वळले. "काय हो, अर्धी म्हणाले ना?"

"अगो, माझं लक्ष नव्हतं. लिहिलंय तसं घेऊ. चल, एसटी जाईल."

जन्म बोटीवर गेला यांचा. वरून कागद आला की तो खरा, मग त्यावर काहीही असो. दंड यांचा, हिरड्या यांच्या, आणि चल मला म्हणतात.

पिशवी तिथेच ठेवली आणि जिना चढले. गुडघ्यांचं विचारू नका. वर दारात ती मुलगी भेटली. म्हणाली, आत पेशंट आहे.

"असू दे. गो बाय, तू अर्धी लिहिलीस की एक?"

ती आत जाऊन संगणकाचा पडदा बघून आली. "एकच आहे, आजी. पहिल्यापासून एकच आहे."

"पहिल्यापासून एक होती. आजपासून अर्धी."

"पण इथे तसं दिसत नाही ना, आजी." हे ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, लहान मुलाला समजवावं तशी. तिथे माझं डोकं फिरलं.

"हळू बोल. मघाशी अडकित्त्याला हसलीस ना तू? अख्खीच द्यायची असती तर अर्धी करता येईल ना म्हणून डॉक्टरांनी मला कशाला विचारलं असतं?"

तिचं तोंड उतरलं. पण पोरगी वाईट नाही. वाद घातला नाही, दार उघडलं.

आत एक बाप्या शर्ट काढून टेबलावर पडला होता. मी त्याच्याकडे पाठ केली. "डॉक्टर, यांना अर्धी की एक?"

"अर्धी. सांगितलं ना मघाशी."

"मग तुमच्या यंत्रालाही सांगा."

डॉक्टर उठून पडद्यापाशी गेले. म्हणाले, "मागच्या महिन्याचं आपोआप पुढे येतं. बदलायचं राहिलं."

राहिलं म्हणे. जसं छत्री घरी राहते तसं. जास्तीच्या गोळीने आतल्या आत रक्त वाहिलं असतं, तेव्हाही असंच काहीतरी राहिलं म्हणाले असते. आणि हे बोलताना बघत कोणाकडे होते, तर त्या मुलीकडे.

"तिच्याकडे बघू नका. चिठ्ठी जाते ती तुमच्या नावाने."

त्यांनी चिठ्ठी बदलून पाठवली. "गेली खाली."

"मघाशीही गेलीच होती. दुकानात फोन करा, जुनी फाडायला सांगा. माझ्यासमोर."

टेबलावरचा बाप्या पडल्यापडल्या म्हणाला, "करा हो डॉक्टर. आणि माझ्या नावावर काय काय गेलंय तेवढं पण बघा जरा."

डॉक्टरांनी फोन केला. निघताना मी विचारलं, "सकाळपासून आणखी कोणाकोणाला मागचंच गेलं?" डॉक्टर टेबलावरच्या बाप्याकडे वळले. मुलगी मात्र खुर्चीत बसून मागची नावं उघडायला लागली होती.

खाली हे बाकावर पेपर वाचत होते. "झालं तुझं?"

"माझं?" मी म्हटलं. "रक्त कोणाचं आहे?" पाकिटावरचा नवा कागद वाचला, तेव्हाच पिशवी उचलली.

आठवड्याने परत तपासलं तर रक्त ठिकाणावर आलेलं. हिरड्यांतून येणारं रक्तही थांबलं. त्या संध्याकाळी हे ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगत होते, डॉक्टर मोठा हुशार, वेळेत गोळी अर्धी केली. मी मासे साफ करत होते, तशीच ओल्या हातांनी बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "पुढच्या खेपेला एकटेच जा त्या हुशाराकडे."

एकटे कसले जातात. मीच नेते. आता डॉक्टरांनी एकेक गोळी तोंडाने म्हणायची, मुलीने पडद्यावर ती मला बोटाने दाखवायची आणि मग बटण. बाहेर रांग खोळंबते, लोक दार ढकलून आत डोकावतात. खोळंबू दे.