जर्मनीत मी हरवले तेव्हा

आठ मुलांना सांभाळायला म्हणून मी जर्मनीला गेले आणि पोचल्याच्या दिवशी स्वतःच हरवले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे लखनौला एका संशोधन संस्थेत होते आणि आम्ही गोमती नगरात राहायचो. आमची मुग्धा सातवीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. तिच्यासकट तिच्या शाळेची आठ मुलं दोन आठवडे जर्मनीतल्या एका शाळेत पाहुणी म्हणून जाणार होती. त्यांच्या शिक्षिका तयारीसाठी आधीच गेल्या होत्या. मुलांना घेऊन जायला एक पालक हवा होता. पालकांच्या सभेत मी हात वर केला.

"तू विमानात कधी बसली आहेस का?" ह्यांनी विचारलं.

"मुलंही कुठे बसली आहेत?" मी म्हटलं.

जायच्या आधी तीन महिने शाळेने मुलांना दर शनिवारी जर्मन शिकवलं. मीही वर्गात जायचे. (मागच्या बाकावर बसून माझा एक अख्खा स्वेटर विणून झाला.)

विमान वेळेवर उतरलं. पुढे दोन तासांचा रेल्वेप्रवास होता. ठरलेल्या गाडीला अवकाश होता, पण आधीची एक समोरच उभी होती. 'लवकर पोचलो तर सगळ्यांना किती कौतुक वाटेल' असा विचार करून मी मुलांना तिच्यात चढवलं. साहजिकच त्या शाळेच्या गावी उतरलो तेव्हा घ्यायला कोणी आलेलं नव्हतं.

मुलं उतरली, सामान उतरलं. कोणाचं काही राहिलं का बघावं म्हणून मी पुन्हा डब्यात चढले. सीटखाली वाकले, एक पाण्याची बाटली सापडली. ती घेऊन वळते तो दार बंद! आमच्या लखनौच्या चारबाग स्टेशनात गाडी सुटताना निदान हिसका तरी देते. ही नुसती सरकत गेली. काचेपलीकडे आठही मुलं मला टाटा करत होती. प्रवासापुरती मी सगळ्यांची मॅडम होते; त्यांना वाटलं, मॅडम गंमत करताहेत.

नऊच्या नऊ पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होते. परक्या मुलखात, लोकांची मुलं! मी डब्यातल्या प्रत्येकाला इंग्रजीत, मग हिंदीत, आणि शेवटी मराठीत सगळं सांगितलं. एका आजीबाईंनी मला चॉकलेट दिलं.

पुढच्या स्टेशनावर गणवेशातली एक उंच बाई थेट माझ्याकडे आली, हसली आणि दंडाला धरून मला परतीच्या गाडीत बसवून शेजारी बसली. इतक्या लोकांत तिने मला कसं ओळखलं, ते मला कळेना.

ते परत आल्यावर कळलं. मुलं बाकांवर ओळीने बसली होती, मधे सामानाचा ढीग. मुग्धा स्टेशनमास्तरांशी बोलत होती. जर्मनमध्ये! तिनेच त्यांना जाऊन सांगितलं होतं, "आमच्या मॅडम गाडीत राहिल्या. हिरवी साडी, पांढरे बूट. खूप बोलतात."

"घाबरली नाहीस?" मी तिला जवळ घेतलं.

"थोड़ा सा. पर छोटे वाले रोने लगते ना, इसलिए नहीं रोई," ती म्हणाली. मग हळूच, "आप रो लीजिए मम्मी, मैं यहीं हूँ."

मी रडले. पण खरं सांगते, भीतीने नाही. ऊर इतका भरून आला होता की पदराने डोळे पुसता पुसता मी त्या स्टेशनमास्तरांना तीनदा सांगितलं, "माय डॉटर."

लखनौला परतल्यावर मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघींना बोलावलं. सगळी हकिगत त्यांच्या कानावर गेलेली होती. चहा पाजून त्या मला म्हणाल्या, "अगले साल भी आप ही जाइए. बस, मुग्धा को साथ ज़रूर ले जाइएगा."

मी तिथल्या तिथे होकार दिला. मुग्धा म्हणाली, "सोचकर बताऊँगी, मैम. ज़िम्मेदारी बहुत है."