राखून ठेवलेला अंतरा

गाण्यातलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. औरंगाबादेला होतो. निजामाचं राज्य, शिकणं सगळं उर्दूतून, म्हणून दादांना, माझ्या वडिलांना, वाटे की शहरातल्या माणसांशी बोलायचं काम आता माझं.

दादा पिंपळगाव रेणुकाईला शेती करत आणि देवीच्या देवळात भजन म्हणत. तरुणपणी जुन्या जालन्यातल्या एका सारंगीवाल्या उस्तादांकडून त्यांनी देवीची एक चीज घेतली होती, पण अर्धीच. पहिला भाग, म्हणजे स्थायी, मिळाला. पुढचा अंतरा उस्तादांनी दिला नाही. त्यांच्या घरची रीतच तशी होती. स्थायी कुणालाही, अंतरा फक्त घरच्या मुलाला.

ही रीत औरंगाबादेची. उस्तादांचे वडील मागच्या शतकात तिथे वाजवत. सुभ्याची जुनी राजधानी ती. दरबार केव्हाच हैदराबादला गेला होता, गाणारे-वाजवणारे मात्र मागे राहिले होते. हवेल्यांची छतं गळत, तरी बैठका होत. दुसऱ्या घरचा गवई अंतऱ्याला आला की सारंगीवाला वाजवायचा गज खाली ठेवून बसे; दुसऱ्याचा अंतरा उचलायचा नाही. पुढे बैठकाच संपल्या. उस्तादांचे वडील जालन्याला आले आणि कापडवाल्यांच्या लग्नांत वाजवू लागले.

उस्तादांचा मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याला गाण्याचं नाव नको असे.

"म्हातारा लई थकला," दिवाळीच्या सुट्टीत दादा म्हणाले. "एकदा इचारून पाहू. तू बोल."

उस्ताद खाटेवर बसले होते. दादांना ते पटेल म्हणत; पाहताच हसले. "आओ पटेल! अब्बी तक आधाच गा रै क्या?"

"आधाच, उस्ताद. देवीबी कंटाळली आता."

मी मनात जुळवून आणलेलं उर्दू तोंडात अडखळलं. एवढंच म्हणालो की अंतरा तुमच्याबरोबर गेला तर तो कुणाच्याच घरचा राहणार नाही.

उस्तादांनी खाटेवर सरकून जागा केली. मग म्हणाले, "बराबर है. बैठो."

त्यांनी स्थायी म्हटली. आवाज कापत होता, पण सूर जागेवर होता. अंतऱ्यासाठी हात वर गेला आणि गाणं परत स्थायीवरच आलं. पुन्हा म्हटली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात वरच राहिला. त्यांना दम लागला असेल, असं मला वाटलं. मी पाणी शोधू लागलो.

"ऱ्हाऊ द्या, उस्ताद," दादा म्हणाले. "घरची रीत मोडू नका. आमचं अर्ध्यावर भागतं."

उस्तादांनी हात खाली घेतला. "रीत है ना, पटेल."

"बिलकुल."

परतताना गाडीत मी म्हणालो, "दादा, ते तर द्यायला तयार होते."

"त्याला आठवत न्हाई रे. इतकी वर्सं कुणापुढं म्हटलाच न्हाई, कुठून ऱ्हाईल?"

मंगळवारी देवळात मृदंगवाल्यानं विचारलं, "काय, आणला का अंतरा?"

"दिला न्हाई."

"कंजूस हाय म्हातारा."

दादांनी टाळ हातात घेतले. "हाय थोडा," म्हणाले, आणि स्थायी धरली.