बसण्णांचा काटा

गाडी दुकानापुढे थांबली की बसण्णा हवा मोजायचा काटा लगेच हातात घेत नसत. आधी टायरवर तळहात ठेवत, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. टायर गरम लागला तर म्हणत, "सावलीत लावा री. तीन तासांनी बघू." हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं हवा-पंक्चरचं दुकान होतं. गिऱ्हाइकं वैतागत. "बसण्णा, हवा भरायची आहे, ऑपरेशन नाही करायचं!" ते हसत. "टायर झोपेत खरं बोलतो री. पळून आला की वाढवून सांगतो."

मी धारवाडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. स्पोर्ट्स कार घेण्याचं माझं वय नाही आणि स्वभावही नाही. मेव्हणा परदेशी जाताना आपली लाल, बुटकी, दोन सीटची गाडी माझ्या अंगणात ठेवून गेला. "सर, दुसरी सीट वहिनींची की वह्यांची?" असं शेजारी विचारत. दुसऱ्याची वस्तू आहे, जपली पाहिजे, म्हणून मी तिच्या टायरमध्ये किती हवा असावी याचा अभ्यास केला. इंटरनेटवर सहा ठिकाणी सहा आकडे मिळाले. ते वहीत उतरवून मी बसण्णांकडे गेलो.

त्यांनी वही वाचली आणि परत दिली. "शर्यतीला जाणार काय री सर?"

"नाही."

"मग दार उघडा."

दाराच्या चौकटीवर कंपनीची चिठ्ठी होती. पुढे एकोणतीस, मागे बत्तीस. "ज्यानं गाडी केली, त्याला विचारायचं. बाकी सगळे बघणारे लोक." मग गाडीच्या पातळ टायरवर बोट टेकून म्हणाले, "हा टायर कमी हवेतसुद्धा पोट काढत नाही. डोळ्यांना कळणार नाही. काट्यालाच विचारायचं, तेही सकाळी, गार असताना."

शनिवारी संध्याकाळी गाडी त्यांच्याकडे ठेवून मी बसने घरी आलो. रविवारी सकाळी सातला त्यांनी हवा भरली. दुकानात एक जुना पितळी काटा होता, तो प्रत्येक वेळी धोतराच्या सोग्याला पुसून खिशात ठेवत. निघताना म्हणाले, "आज बघू नका हं सर. उद्या सकाळी बघा."

मी हुबळीतच दोन कामं उरकली आणि भर दुपारी वीस किलोमीटर चालवत धारवाडला आलो. सुभाष रोडवरून नुकताच घेतलेला नवा डिजिटल काटा घरी होता. उद्यापर्यंत मला थांबवेना. पुढे तेहतीस, मागे छत्तीस. चारही टायरांत बरोबर चार जास्त. एका टायरात चूक निघाली असती तर मी विचार केला असता. चारही टायरांत सारखी चूक म्हणजे काटाच खोटा, असा निष्कर्ष मी काढला. चारी टायरांतून चार-चार पौंड हवा सोडली आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटावर आकड्यांसह लिहिलं: बसण्णांचा काटा चार पौंड कमी दाखवतो, सावध राहा. सरांचा आकडा म्हटल्यावर कुणी शंका घेतली नाही. पंधरा-वीस अंगठे आले. मला बरं वाटलं, हेही लिहितो.

तीन आठवड्यांनी एका सकाळी गाडी वळणावर जड वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मोजलं. पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस. मी अंगणातच बसलो. हवा तापली की दाब वाढतो, हे मी शाळेत शिकलो होतो. बसण्णांनी तेच तीनदा सांगितलं होतं. काटा खरा होता.

गटावर दुरुस्ती लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली, पुसली. आधी त्यांना भेटून सांगू, असं स्वतःला समजावलं आणि पुढच्या शनिवारी गाडी ठेवून रविवारी सातला हुबळीला पोचलो.

दुकानात गर्दी नव्हती. टेबलावर पितळी काट्याशेजारी आणखी दोन नवे काटे मांडले होते. "धारवाडचे लोक म्हणतात, माझा काटा खोटा. कोण सांगितलं माहीत नाही री. म्हणून तीन ठेवलेत. ज्याला जो पाहिजे, त्यानं तो लावून बघावं." तिन्ही काटे लावून त्यांनी माझे टायर मोजले. तिन्हींवर पंचवीस आणि अठ्ठावीस.

"हवा कोण काढली, सर?"

सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. मी म्हणालो, "हळूहळू गेली असेल."

त्यांनी साबणाचं पाणी आणलं. गुडघे टेकून एकेक व्हॉल्व्ह तपासला, कडा तपासल्या, चाकं काढून आतूनही. तासभर. एक बुडबुडा आला नाही. मग घाम पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "गळती नाही री. मग माझ्याच हातून कमी भरली असणार. चुकलं, सर."

मी "असू द्या, बसण्णा" म्हणालो. त्यांना माफ करून घरी आलो.

त्यानंतर दर महिन्याला मी त्यांच्याकडे जात राहिलो. दर वेळी सांगायचं ठरवून जाई. ते चारी टायर दोनदोनदा मोजत. पूर्वी एकदाच मोजत असत.

गेल्या महिन्यात दुकान बंद दिसलं. शेजारचा म्हणाला, झोपेतच गेले, बायको कलघटगीला मुलीकडे असते. त्याच दिवशी मी गटावर सगळं लिहिलं, आकड्यांसह. खाली एकाने विचारलं, "कोण बसण्णा?"

रविवारी कलघटगीला गेलो. त्यांच्या बायकोने ओळखलं. "लाल गाडीचे सर ना? ते म्हणायचे, धारवाडचे सगळे गेले, सर तेवढे येतात."

मी म्हणालो, "अक्का, त्यांचा काटा खरा होता. खोटा आहे असं मीच लिहिलं होतं."

ती उठून आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

"हे त्यांना सांगायचं होतं री, सर."